उसण, गादी आणि किटली : पुन्हा सुरुवात कशी करावी?

चोवीस_किलो | ३ मार्च, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथले व्यायामाचे धागे नुसते वाचतोय, आज पहिल्यांदा लिहायची वेळ आली. थोडं लांबेल.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझी कंबर धरली. २४ किलोची किटली घेऊन स्विंग करत होतो (केटलबेलला, म्हणजे वर मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याला, आमच्या घरात किटलीच म्हणतात; स्विंग म्हणजे ती पायांमधून मागे नेऊन छातीपर्यंत झुलवणं). दहा-दहाचे दहा सेट. शंभर झाले, श्वास लागलेला, मनात शाबासकी चाललेली, आणि किटली खाली ठेवताना टीपॉयवर वाजणाऱ्या फोनकडे वळलो. बस. शंभर स्विंगमध्ये काही झालं नाही. ठेवताना, अर्धा वाकून, अर्धा वळून, एका हातात सगळं वजन असताना कमरेत चमक गेली आणि चटईवर गुडघेच टेकले. फोन क्रेडिट कार्डवाल्यांचा होता.

पहिले दोन दिवस उसण समजून शेक आणि तिळाचं तेल झालं. तिसऱ्या दिवशी दुखणं डाव्या नितंबातून मांडीच्या मागून पोटरीत उतरलं आणि पावलाच्या कडेने करंगळीपर्यंत मुंग्या. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची, गादी डावीकडे बाहेर आलेली, शिरेला टेकलेली. ऑपरेशनची घाई नको, सहा ते बारा आठवडे वाट पाहू असं डॉक्टर म्हणाले आणि खरंच आठव्या आठवड्यापासून पाय मोकळा होत गेला. आता साडेचार महिने झाले. रोज पाच किलोमीटर चालतो, पायात दुखणं नाही, सकाळी कंबर थोडी आखडलेली असते इतकंच.

आता प्रश्न. डॉक्टर म्हणतात, "यापुढे वजन उचलायचंच नाही." फिजिओ म्हणतात, "उचला, पण टप्प्याने." मी ४३ वर्षांचा, दिवसभर खुर्चीत, सिंहगड रोडवरून दुचाकीने ये-जा. किटली हा एकच व्यायाम मी आयुष्यात दोन वर्षं न सोडता केला. घरात ८, १६ आणि २४ अशा तीन आहेत. पैकी २४ची बायकोने बाल्कनीच्या दाराला अडण म्हणून लावली आहे. या वाटेने कोणी परत आलंय का? कुठून सुरुवात केली, काय चुकलं, ते सांगा.

बोकोबा | ३ मार्च, रात्री १०:३१

पहिला प्रतिसाद माझा! उसण म्हणजे गावात एकच उपाय, पायाळू माणूस शोधायचा आणि कमरेत हळूच लाथ मारून घ्यायची. आमच्या आळीतल्या पायाळू काकूंकडे सकाळी रांग असायची. हलके घ्या.

आयडी मात्र आता बदला. आठ_किलो शोभून दिसेल.

शांतारस | ३ मार्च, रात्री ११:०५

स्पष्ट लिहितो, राग नसावा. चाळिशीनंतर हे रशियन खूळ कशाला? बारा सूर्यनमस्कार घाला, पाठ लोखंडासारखी राहील. आमच्या वडिलांनी ऐंशीपर्यंत घातले, कधी एमआरआय काढावा लागला नाही.

फिजिओ_ताई | ४ मार्च, सकाळी ७:४०

धागाकर्त्यांच्या प्रश्नाआधी एक गोष्ट, कारण इथे आज दुखत असलेलेही वाचत असतील. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो त्या भागात बधिरपणा, पाऊल उचलताच न येणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं. यातलं एक जरी दिसलं तर धागे वाचत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा. तिथे तासांचा हिशोब असतो. दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल किंवा पडून राहिल्यावरही रात्रभर दुखणं हटत नसेल, तरी आधी डॉक्टर, व्यायाम नंतर.

शांतारस, सूर्यनमस्कार मीही घालते. पण एल५-एस१ची गादी ताजी दुखावलेली असताना सकाळी उठल्या उठल्या पाय सरळ ठेवून हात जमिनीला टेकवणं हे कित्येक रुग्णांना किटलीपेक्षा महागात पडतं. रात्री आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा सेंटिमीटरभर जास्त भरते. फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उठल्यापासून पहिला तासभर खाली वाकून काही करायचं नाही. यात नमस्कार आले, किटली आली आणि बेसिनवर वाकून दात घासणंही आलं. बेसिनवर एक हात टेका, गुडघे थोडे सोडा.

चोवीस_किलो, तुमच्याकडून काही गोष्टी कळल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही. भिंतीला बोटं टेकवून एका पायावर टाचा उचला: उजव्या पायावर किती होतात, डाव्यावर किती? शिंकताना, खोकताना पायात कळ जाते का? सकाळी मोजे कसे घालता, बसून की उभ्याने, आणि पाय ओढला जातो का? अर्धा तास खुर्चीत बसल्यावर काय होतं? वेदनाशामक गोळी चालू आहे का? गोळी घेऊन व्यायाम केला तर शरीर जे सांगतंय ते ऐकू येत नाही, म्हणून विचारते.

मंदारमाला | ४ मार्च, सकाळी ९:१५

वाचनखूण साठवली. ताईंना +१.

चोवीस_किलो | ४ मार्च, रात्री ९:५०

ताई, आजच मोजलं. उजव्या पायावर २२, डाव्यावर १४. डिसेंबरात डाव्यावर ३ होत नव्हत्या, म्हणजे सुधारतंय. शिंकेला आता काही नाही. मोजे बसून घालतो, मांडीच्या मागे किंचित ओढ लागते. चाळीस मिनिटं बसलो की उठावंसं वाटतं. गोळी जानेवारीत बंद झाली.

फिजिओ_ताई | ४ मार्च, रात्री १०:२०

मग दार बंद नाही. तुम्हाला तपासणाऱ्या फिजिओंना हा आकडा दाखवा. पोटरीची ही ताकद त्याच शिरेवर चालते, त्यामुळे १४चे २० होणं हे तुमच्यासाठी किटलीच्या वजनापेक्षा मोठं प्रगतिपुस्तक आहे. आणि उलट, एखाद्या आठवड्यात १४चे ९ झाले तर कमरेत दुखत नसलं तरी थांबायचं.

दुसरी खूण. दुखणं पायातून वर सरकत सरकत कमरेत येऊन बसलं तर घाबरू नका, ते शहाणं दुखणं. कंबर हलकी वाटतेय पण पोटरी पुन्हा बोलायला लागली, तर ते वाईट.

क्रम माझा असा असतो: आधी कुल्ह्यातून वाकायला शिकणं, मग वजन हातात धरून चालणं, मग उंचावर ठेवलेली किटली नुसती उचलून ठेवणं, मग एकेक सुटा स्विंग आणि सगळ्यात शेवटी सलग स्विंग. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. वजन वाढवलं त्या आठवड्यात फेऱ्या वाढवायच्या नाहीत. आणि निकाल व्यायाम संपताना लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना लागतो.

पेठेतला_पैलवान | ५ मार्च, दुपारी १:३२

कोल्हापुरातनं लिहितोय. आमच्या तालमीत दगडी नाल हाय. मधी पोकळ, आत आडवी मूठ. तुमच्या किटलीची थोरली भन म्हणा. नवीन पोरगं आलं की पहिलं सहा म्हैनं नालीला हात लावू देत नव्हते. जोर, बैठका, हौद्यातली माती उकरायची. फावड्यानं माती वढताना कंबर कशी वापरायची ती आपोआप कळती.

नाल उचलणाऱ्याकडं सगळी पोरं बघायची. वस्ताद फक्त ठेवणाऱ्याकडं बघायचे. कुणी धाडकन टाकली की नुसती खसाखसा माती उकरायला लावायचे, अर्धा तास. तुमचं दुखणं ठेवताना झालं हे वाचून तेच आठवलं बघा. उचलताना मन हजर असतंय, ठेवताना मन कवाच घरी गेलेलं असतंय.

चोवीस_किलो | ५ मार्च, रात्री ८:०५

पैलवान, हे मी कागदावर लिहून २४च्या किटलीवर चिकटवलं आहे. बायकोने वाचून मान हलवली.

वॉटर्लूकर | ६ मार्च, सकाळी ६:१०

कॅनडात वॉटर्लूला राहतो, म्हणून एक माहिती. पाठीच्या अभ्यासातले स्टुअर्ट मॅकगिल अनेक वर्षं इथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी एका सहकाऱ्यासह २०१२मध्ये किटलीच्या स्विंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. १६ किलोच्या स्विंगमध्ये मणक्यावर किती दाब येतो हे मोजताना त्यांना एक गंमत दिसली. नेहमीच्या वजन उचलण्यात वरचा मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरू पाहतो. स्विंगमध्ये ती ओढ उलटी, मागच्या दिशेने येते. दाबाच्या मानाने ही ओढ बरीच असते. त्यामुळे जड डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून उभं राहणं) सहज करणाऱ्या एखाद्याला हलक्या किटलीचा स्विंग टोचू शकतो, आणि कुणाला तोच औषधासारखा लागू पडतो. "डेडलिफ्ट जमतो म्हणजे स्विंग जमेलच" हे गणित म्हणून चुकतं.

दुसरा अभ्यास डेन्मार्कचा, २०११चा. चाळीस नोकरदार माणसं, त्यांत बहुतेक बायका. निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं किटली दिली. मान-खांदा आणि कंबर, दोन्हींचं दुखणं नुसतं बसलेल्या गटापेक्षा कमी झालं. पण ती शीर दबलेली माणसं नव्हती, तेव्हा तो अभ्यास घेऊन कुणी डॉक्टरांशी भांडू नये.

अवांतर: रशियात याला गिऱ्या म्हणतात, मुळात धान्य तोलायची मापं. पूद हे जुनं माप, १६.३८ किलोचं. १६, २४, ३२ हे आकडे तिथून आले: एक, दीड, दोन पूद. म्हणजे शांतारस म्हणतात ते रशियन खूळ प्रत्यक्षात वाण्याच्या दुकानातलं खूळ आहे.

शंकासुर | ६ मार्च, सकाळी १०:४४

मला एक कळत नाही. गादी सरकली ती सरकली. ती परत जागेवर जात नसेल तर व्यायामाने काय होणार? आणि जात असेल तर लोक ऑपरेशन का करतात?

फिजिओ_ताई | ६ मार्च, रात्री ९:३०

"गादी सरकली" हा शब्दच घोळ घालतो. ती सतरंजीसारखी सरकत नाही. बाहेरचं कडक वेटोळं कमजोर होतं आणि आतला मऊ गर त्यातून फुगतो किंवा फुटून बाहेर येतो. बाहेर आलेला गर शरीर परका समजून हळूहळू शोषून घेतं. गंमत म्हणजे पार फुटून बाहेर पडलेले मोठे तुकडे नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त वेळा विरून जातात. ऑपरेशन लागतं ते ताकद भराभर जात असेल, वर लिहिलेली धोक्याची लक्षणं असतील, किंवा महिनोन्महिने वाट पाहूनही पायाचं दुखणं जगू देत नसेल तेव्हा.

आणि एमआरआयचा कागद उशाशी घेऊन झोपू नका. ज्यांना कसलंही दुखणं नाही अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली आला होता. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, चाळिशीत ५० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. शांतारस यांच्या वडिलांचा एमआरआय काढला असता तर कदाचित दोन पानांचा निबंध आला असता आणि ते बिचारे नमस्कार सोडून बसले असते.

शांतारस | ६ मार्च, रात्री ११:५८

हा मुद्दा मान्य. नमस्कार मात्र सोडणार नाही. उठल्यावर तासाभराने घालीन.

कुमुदिनी५१ | ७ मार्च, दुपारी ३:२०

मी नागपूरची, वय आयडीत आहे. तीन वर्षांपूर्वी पाळी जाण्याच्या सुमारास हाडांच्या काळजीने जिमला गेले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मुलाने १२ किलोची किटली हातात देऊन "आंटी, वीस मारा" म्हटलं. कसं ते नाही सांगितलं. मी बैठका मारत हातांनी किटली वर उचलत होते, म्हणजे दोन्ही चुका एकदम. चौथ्या दिवशी पलंगावरून उठता येईना.

मला जे उपयोगी पडलं ते लिहिते. झाडूची दांडी. लांब दांडा पाठीला लावायचा: डोक्याच्या मागे, खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, तीन ठिकाणी टेकला पाहिजे. एक हात मानेमागे, एक कमरेमागे. आता गुडघे किंचित सोडून बसायची जागा मागे ढकलायची, जणू हातात दोन पिशव्या आहेत आणि ढुंगणाने दार लोटायचं आहे. तिन्हीपैकी एक टेका सुटला की कंबर वाकली. मी पहिले तीन आठवडे एवढंच केलं, रोज दहा-दहा वेळा, पोळ्यांची कणीक मुरेपर्यंत. सासूबाई म्हणायच्या, हिला झालंय तरी काय.

मग पाटावरून उचलणं. जमिनीवरची किटली उचलायला फार खाली जावं लागतं, म्हणून तीन पाट एकावर एक ठेवून त्यावर ८ किलोची किटली. दर पंधरा दिवसांनी एक पाट कमी. शेवटचा पाट काढला त्या दिवशी मी घरात शिरा केला होता.

आणि अहो, "वजन कधीच उचलू नका" म्हणणाऱ्यांना विचारा, घरचा सिलिंडर कोण सरकवतं? आत १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, म्हणजे तीसेक किलोचं धूड. बादल्या, गव्हाचं पोतं, झोपलेली नात. वजन तर उचलावंच लागतं. शिकून उचलायचं की न शिकता, एवढंच आपल्या हातात.

बोकोबा | ७ मार्च, दुपारी ४:०२

ढुंगणाने दार लोटणे! दहा व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं. दंडवत.

चोवीस_किलो | ६ एप्रिल, रात्री १०:४०

महिन्याचा हिशोब देतो.

पहिले दोन आठवडे किटलीला हात नाही. झाडूची दांडी, आणि मॅकगिल यांचे ते तीन व्यायाम जे आमच्या फिजिओंनीही दिले होते: एक गुडघा वाकवून, हात कमरेखाली ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कुशीवर कोपरावर टेकून कंबर उचलणं, आणि रांगत्या स्थितीत एक हात व विरुद्ध पाय लांबवणं. प्रत्येक वेळी दहाच सेकंद धरायचं, दम काढत मिनिटभर नाही. दिसायला अगदीच पोरकट. तिसरा प्रकार करताना मुलगी पाठीवर पाण्याचा पेला ठेवून बघते. दोनदा सांडला.

तिसऱ्या आठवड्यात ८ किलो एका हातात घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या. हे सोपं वाटलं होतं, पण उजव्या हातात किटली घेतली की डावी बाजू कशी थरथरते ते कळलं. शेजारच्यांना वाटलं मी पाणी आणायला निघालोय. चौथ्या आठवड्यात पाटांवरून उचलणं, आधी ८, मग १६. आमच्याकडे पाट दोनच, तिसरा मावशींकडून आणला.

आता चुकीचा भाग. मार्चअखेर कराडला लग्न होतं. जाताना गाडीत साडेतीन तास, दोन दिवस मांडी घालून पंगती, येताना पुन्हा तेवढंच. घरी पोचलो संध्याकाळी सातला, अंग आखडलेलं, म्हटलं जरा मोकळं होऊ. १६ किलो घेऊन सुटे स्विंग, पाचाचे पाच सेट. त्या वेळी इतकं छान वाटलं की काय सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्यापर्यंत हात पोचेना आणि डाव्या पोटरीत ती ओळखीची ओढ. सरळ ऑक्टोबर आठवला. बायकोला दोन दिवस सांगितलं नाही, तिने तिसऱ्या दिवशी जिना चढताना पाहून ओळखलं.

टाचा मोजल्या: १७ पर्यंत गेल्या होत्या, त्या दिवशी १२.

फिजिओ_ताई | ७ एप्रिल, सकाळी ७:१५

रागावत नाही, पण यातली प्रत्येक पायरी शिकवण्याजोगी आहे. तासन्‌तास बसून उठल्यावर पाठ लगेच जोराच्या हालचालीला तयार नसते. शिवाय तुम्ही एकाच दिवशी नवा व्यायामही घेतला आणि दुप्पट वजनही. सुट्या स्विंगची सुरुवात ८वर व्हायला हवी होती.

आता झोपून राहू नका. चालणं चालू ठेवा, दिवसातून तीनचार वेळा दहा-दहा मिनिटं. किटली बंद, दांडी चालू. पोटरीची ओढ गेली आणि टाचा १७वर आल्या की जिथे नीट चाललं होतं तिथे, म्हणजे पाटांवर, परत या. सुरुवातीपासून नाही, एक पायरी मागे. ओढ आठवडाभरात हटली नाही किंवा आकडा अजून घसरला तर मात्र प्रत्यक्ष दाखवायला जा.

पेठेतला_पैलवान | ७ एप्रिल, सकाळी ११:२०

पंगतीत किती जिलब्या हाणल्या ते लिवलंच न्हाई.

चोवीस_किलो | ७ एप्रिल, रात्री ९:०२

सात.

आयटीहमाल | ९ एप्रिल, रात्री १२:१५

वाचतोय, मलाही सुरू करायचं आहे. कोणती घ्यावी? ऑनलाइन प्लॅस्टिकचं आवरण असलेली स्वस्त मिळते. आणि कमरेचा पट्टा लावून केलं तर चालेल का?

वॉटर्लूकर | ९ एप्रिल, सकाळी ६:४०

प्लॅस्टिकची आत सिमेंट भरलेली असते, त्यामुळे त्याच वजनाला आकार मोठा. पायांच्या मधून मागे नेताना गुडघ्याला लागू नये म्हणून माणूस नकळत पाय फाकवतो आणि पाठ गोल करतो. अखंड ओतीव लोखंडाची घ्या. मुठीवर आतल्या बाजूने हात फिरवून बघा. जोडाची धार राहिली असेल तर तळहात सोलतो. दोन्ही हात मुठीत एकत्र बसले पाहिजेत. पट्ट्याबद्दल ताई सांगतील, माझ्या मते ज्याला पट्टा लागतो त्याने अजून पाटच सोडलेला नसतो.

फिजिओ_ताई | ९ एप्रिल, सकाळी ७:५०

पट्ट्याबद्दल सहमत. पण तुमची कंबर सध्या दुखतेय का, हे आधी सांगा. त्याशिवाय खरेदी नको.

कुमुदिनी५१ | ९ एप्रिल, दुपारी २:३०

स्विंगबद्दल एक राहिलं होतं. किटली हातांनी उचलायची नसते, कुल्ह्यांच्या धक्क्याने ती आपली आपण छातीपर्यंत तरंगते. हात म्हणजे नुसते दोर. खाली येताना मात्र लगेच वाकायचं नाही. हात पोटाला टेकेपर्यंत ताठ थांबायचं आणि मगच मागे बसायचं. किटली गुडघ्यांच्या वरूनच मागे गेली पाहिजे. गुडघ्यांखाली गेली की तिने तुम्हाला ओढून वाकवलं समजा. आणि वर गेल्यावर मागे झुकून कमान करू नका. लोक फोटोसाठी करतात.

चोवीस_किलो | २१ जून, रात्री १०:२५

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप (व्यनि) करून विचारलं म्हणून धागा वर काढतोय.

एप्रिलच्या धक्क्यातून बाहेर यायला बारा दिवस लागले. मग पुन्हा पाट. मे महिन्यात ८ किलोचे सुटे स्विंग: किटली पुढ्यात जमिनीवर, मागे फेकायची, एकच स्विंग, परत जमिनीवर. दर मिनिटाला पाच, दहा मिनिटं. यात एक गोष्ट आपोआप झाली जी माझ्या लक्षात नंतर आली. पूर्वी मी शंभर स्विंगमागे दहा वेळा किटली ठेवायचो आणि दहाही वेळा कशीतरी. आता पन्नास स्विंगमागे पन्नास वेळा ठेवतो. पैलवानांचे वस्ताद जे बघायचे तेच मी दिवसाला पन्नास वेळा करतोय. फोन स्वयंपाकघरात, बंद करून. मोजणी मुलगी करते, आणि किटलीचा तळ जमिनीला टेकून माझे हात सुटले तरच आकडा पुढे सरकवते. एकदा घाई केली तर म्हणाली, "बाबा, हा धरला नाही."

जूनपासून १६वर. सलग पाच, मग ठेवणं, मग उरलेलं मिनिट चालणं. आठवड्यात तीनच दिवस, आणि कायम संध्याकाळी, दुचाकीवरून उतरल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय नाही. सिंहगड रोडचे खड्डे हा स्वतंत्र व्यायाम आहे, तो आधीच झालेला असतो. गेल्या आठवड्यात डाव्या टाचा २० झाल्या, उजव्या २३. मोजे अजून बसूनच घालतो, पण आता ती सवय आहे.

"वजन उचलायचंच नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे परवा जाऊन आलो. झाडूची दांडी सोडून सगळं सांगितलं. त्यांनी पाय सरळ उचलून पाहिला, घोट्यामागे हातोडी मारून पाहिली, आणि म्हणाले, "बरं चाललंय. काय करताय ते लिहून द्या, माझी पण कंबर दुखते." या धाग्याचा दुवा पाठवलाय. डॉक्टर, वाचत असाल तर पैलवानांचा प्रतिसाद चुकवू नका.

एका हाताचा स्विंग आणि स्नॅच (एका झटक्यात किटली डोक्यावर नेणं) यंदा नाही. एका हाताने केलं की अंग वळू पाहतं आणि माझी मूळ दुखापत वळतानाचीच होती, त्यामुळे फिजिओंनी दिवाळीनंतर बघू म्हटलंय. २४ अजून बाल्कनीच्या दाराशीच आहे. पावसाळ्यात वारा फार असतो आमच्याकडे, तिथे तिची गरजही आहे.

बोकोबा | २१ जून, रात्री १०:४१

आयडी?

चोवीस_किलो | २१ जून, रात्री १०:४४

ॲडमिनना विचारलं. बदलून मिळत नाही म्हणतात.

फिजिओ_ताई | २२ जून, सकाळी ७:२५

छान. पाच सलगवरून सात करताना वजन तेच ठेवा, आणि गणपतीत आरास करताना टेबलावर चढून वाकडं होऊन माळा लावणार असाल तर त्या दिवशी स्विंग नको. दरवर्षी माझ्याकडे त्या आठवड्यात गर्दी असते.

आयटीहमाल | २२ जून, सकाळी ११:०८

ताई, उशिरा उत्तर देतोय, कंबर दुखत नाही, फक्त पोट सुटलंय. कोणाकडे ओतीव लोखंडाची १२ किलोची पडून असेल आणि द्यायची असेल तर व्यनि करा. चिंचवडमधून येऊन घेऊन जाईन.